एका दोरास सर्वांचे हात

शास्त्रपाठ : लूक ९:५१–५६, प्रेषितांची कृत्ये ८:१४–२५, गलतीकरांस पत्र २:११–१४.



प्रभूच्या बारा शिष्यांपैकी दोघांनी एकदा एक सबंध गाव आकाशातील अग्नीने भस्म करण्याची परवानगी मागितली, ही गोष्ट आपण मुलांस क्वचितच शिकवितो. ते दोघे कोणी दुष्ट पुरुष नव्हते. याकोब व योहान हे प्रभूच्या अगदी निकटचे शिष्य. डोंगरावर त्याचे रूपांतर झाले तेव्हा ते त्याच्याबरोबर होते, आणि तो प्रसंग याच अध्यायात थोडा आधी सांगितला आहे. ज्यांस इतके थोर दर्शन घडले, त्यांच्या तोंडी इतके भयंकर शब्द कसे आले? हाच आजच्या पाठाचा प्रश्न होय.

प्रसंग साधा होता. प्रभु यरुशलेमेकडे निघाला होता. उतरण्यास जागा पाहावी म्हणून निरोपे शोमरोन्यांच्या एका गावी पुढे गेले. गावकऱ्यांनी थारा दिला नाही. कारण एवढेच की हा मनुष्य यरुशलेमेस चालला आहे. यहूदी व शोमरोनी यांचे वैर पिढ्यानपिढ्यांचे होते. गावाने प्रवाशाचा स्वभाव पाहिला नाही, तो कोणत्या दिशेस चालला आहे एवढेच पाहिले. शिष्यांनीही नकार देणारी चार माणसे पाहिली नाहीत, सबंध गाव दोषी धरले. शिवाय त्यांस शास्त्राचा आधारही आठवला असेल. एलीयाच्या शब्दावरून शोमरोनच्या राजाच्या शिपायांवर अग्नी पडल्याची कथा (२ राजे, अध्याय १) त्यांस पाठ होती. रागास धर्मग्रंथातील आधार फार लवकर सापडतो, हे ध्यानात ठेवावे.

दोन्ही बाजूंस एकच रोग जडला होता. मानसशास्त्र जाणणारे त्यास पूर्वग्रह म्हणतात. साक्षीपुरावा ऐकण्यापूर्वीच मनाने दिलेला निकाल, तो पूर्वग्रह. तो मनातच राहिला तर मनास कुजवितो. हातात उतरला तर दगड होतो.

१. नाशकातील बंद दार

ही गोष्ट दूरच्या देशाची व फार जुन्या काळची, असे म्हणून आपणांस सुटता येत नाही. आपल्या नाशकात पंचवटीस काळारामाचे मंदिर आहे. पेशवाईत सरदार रंगराव ओढेकर यांनी ते बांधविले. ज्यांस अस्पृश्य म्हणत, त्यांस या मंदिरात पाऊल ठेवण्याची मनाई होती. २ मार्च १९३० रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १५,००० लोकांची मिरवणूक शिस्तीने मंदिराकडे गेली. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड हे या सत्याग्रहाचे येथील मोठे आधार होते. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली व तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष व २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी दरवाजांपुढे जाऊन बसली.

एक महिना लोटला. रामनवमीच्या उत्सवातील रथयात्रेचा दिवस, ९ एप्रिल १९३०, उजाडला. तत्पूर्वी उभय पक्षांत एक समेट झाला होता, तो असा की रथाचा दोर दोन्ही बाजूंच्या बळकट पुरुषांनी मिळून ओढावा. किती सुंदर ठराव! परंतु अस्पृश्यांचे हात दोरास लागण्यापूर्वीच गर्दीत झटापट सुरू करण्यात आली, आणि सवर्णांनी रथ एका अरुंद गल्लीतून पळवून नेला. मागे धावणाऱ्यांवर दगडांचा वर्षाव झाला. एक तरुण रक्तबंबाळ होऊन पडला, डॉ. आंबेडकरांवरही दगड आले. त्यानंतर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत त्याचा सूड उगविला गेला. कोठे मुलांस शाळेतून हाकलले, कोठे रस्ता बंद केला, कोठे बाजारात जिन्नस देईनासे झाले. मंदिराचे दार सुमारे वर्षभर बंद राहिले.

आम्ही त्या देवतेचे पूजक नाही. तथापि त्या दारापुढे उन्हात बसलेली माणसे आपल्यापैकी पुष्कळांची भाऊबंद होती, आणि ज्या वाड्यांतून ती आली तशाच वाड्यांतून आपल्या कित्येक मंडळ्या उभ्या राहिल्या आहेत. म्हणून त्या दिवशी नेमके काय घडले हे समजून घेणे आपणांस उचित आहे.

२. स्वतःचे नुकसान सोसूनही भेद राखणे

येल विद्यापीठातील काही विद्वानांनी १९३९ साली असे मत मांडले की मनुष्याच्या इच्छेस अडथळा झाला म्हणजे त्यातून आक्रमण उपजते. या मतात तथ्य आहे. रात्रीचा निवारा नाकारला गेला तेव्हा याकोब व योहान संतापले. परंतु नाशकात पाहावे तो निराळाच प्रकार दिसतो. ज्यांची इच्छा अडविली गेली होती ते महिनाभर शांतपणे बसून राहिले. आणि ज्यांचे काहीच गेले नव्हते त्यांनी दगड उचलले. पुढे विद्वानांनीही ते मत सुधारले. केवळ अडथळ्याने मनुष्य मारावयास उठत नाही. आपला मान जातो आहे, आपले वरचे स्थान ढळते आहे, असे वाटले म्हणजे उठतो.

यावर प्रकाश पाडणारा एक प्रयोग आहे. हेन्री ताजफेल नावाचे एक यहूदी गृहस्थ पोलंड देशात जन्मले. दुसऱ्या महायुद्धात ते कैदेत होते, आणि परत येऊन पाहतात तो नाझींच्या हत्याकांडात त्यांच्या घरचे लोक नाहीसे झालेले. मनुष्य असे का करतो, या प्रश्नास त्यांनी पुढील आयुष्य वाहिले. १९७० च्या सुमारास इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी त्यांनी १४–१५ वर्षांच्या शाळकरी मुलांस पडद्यावर ठिपके दाखवून त्यांची संख्या अंदाजाने सांगावयास लावली. नंतर काहींस सांगितले, तुम्ही जास्त सांगणारे. काहींस सांगितले, तुम्ही कमी सांगणारे. वास्तविक ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांस ठाऊक नव्हते. मग त्यांस दुसऱ्या मुलांमध्ये पैसे वाटण्यास सांगितले. स्वतःस काहीच मिळावयाचे नव्हते. मुलांनी आपल्या गटास अधिक दिले. याहून आश्चर्याची गोष्ट ही की, आपल्या गटास थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटाहून अंतर मोठे राहिले पाहिजे, असा मार्ग कित्येकांनी निवडला.

येथे न जुने वैर होते, न जात, न धर्म, न जमिनीचा तंटा. फक्त एक रेघ ओढली होती. त्या रेघेने एवढे केले, तर जिला शेकडो वर्षे शास्त्राचा, विहिरीचा व चुलीचा पहारा मिळाला ती रेघ काय करणार नाही? पंचवटीचे ते वर्ष आठवावे. दुसऱ्यांस दर्शन घडू नये म्हणून दार लाविले, आणि त्या बंद दारामुळे लावणारेही दर्शनास मुकले! पूर्वग्रह मनुष्यास स्वतःचे हितही पाहू देत नाही.

३. घाटाच्या पायऱ्या

गोदावरीच्या घाटावरून कोणी एकदम खोल पाण्यात जात नाही. एकेक पायरी उतरत जातो. हार्वर्ड विद्यापीठाचे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहाच्या स्वरूपावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी अशाच पाच पायऱ्या दाखविल्या आहेत. पहिली वाईट बोलण्याची; दुसरी टाळण्याची; तिसरी हक्क नाकारण्याची; चौथी मारहाणीची; आणि पाचवी समूळ नाशाची. प्रत्येक जण शेवटपर्यंत जातो असे नाही. परंतु वरच्या पायरीची सवय झाली म्हणजे खालची उतरणे सोपे होते. याकोब व योहान यांनी तर एका क्षणात पाचव्या पायरीची भाषा केली. कारण पहिल्या दोन पायऱ्या त्यांच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या झिजविल्या होत्या.

पहिली पायरी घरातच असते. १९६१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे अल्बर्ट बांडुरा यांनी तीन ते सहा वर्षांच्या बालकांसमोर एका मोठ्या मनुष्याकडून हवा भरलेल्या बाहुलीस मारविले व कठोर शब्द बोलविले. पुढे त्या मुलांस तशीच बाहुली मिळाली, तेव्हा पुष्कळांनी तसेच हात चालविले, आणि तेच शब्दही उच्चारले. आपण ओसरीवर बसून शेजारच्या वस्तीस जे नाव ठेवितो ते आपली लेकरे ऐकत असतात.

४. भय हे मूळ

द्वेषाच्या पोटात पुष्कळदा भय असते. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ साली नाशकाजवळ जलालपुरास झाला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे. १८५७ च्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांस फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांस विटाळाचे असे भय बसले की बाहेरून आलेली वस्तु धुतल्याशिवाय घरात येणे कठीण. फाशी देणारे सरकार हाती लागत नव्हते. मग भीतीने आपले काम पाण्यावर, भांड्यावर व दुसऱ्यांच्या स्पर्शावर सुरू केले. भ्यालेले मन असेच करते. खऱ्या संकटापुढे ते दुबळे असते, म्हणून जे दुबळे आहेत त्यांच्याविरुद्ध कुंपण घालते.

लक्ष्मीबाईंचे मन कसे पालटले तेही पाहावे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस झाला. बाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही आपले सोवळे सांभाळीत होत्या. कोणी वादात जिंकून त्यांचा जातिभेद घालविला नाही. निरनिराळ्या जातींतून आलेल्या माणसांत राहून, त्यांचे सुखदुःख पाहून, मनाशी पुष्कळ विचार केल्यावर त्यांस दिसून आले की हा भेद मनुष्यांनी केलेला आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सहवास आधी आला, मत मागून पालटले.

भयाचा दुसरा प्रकार म्हणजे आपल्याच लोकांचे भय. अंत्युखियास पेत्र विदेश्यांबरोबर जेवीत असे. पण यरुशलेमेहून काही मंडळी येताच तो पंगतीतून मागे सरला, आणि त्याच्या पाठोपाठ बर्णबाही ओढला गेला. पेत्राच्या मनात विदेश्यांचा द्वेष नव्हता. कर्नेल्याच्या घरी तो हा धडा शिकला होता. त्यास भीती होती ती “आपली माणसे काय म्हणतील” याची. एका समंजस मनुष्याच्या अशा मागे सरण्याने हजार द्वेष्ट्यांस बळ येते. म्हणून पौलाने सर्वांसमक्ष त्यास दोष दिला.

५. दोराची गोष्ट

मग उपाय काय? १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतात मुझफर शेरीफ व त्यांचे सहकारी यांनी सुमारे अकरा वर्षांच्या २२ मुलांस रानातील छावणीत नेले व त्यांचे दोन गट केले. एकाने गरुड हे नाव घेतले, दुसऱ्याने एका विषारी सापाचे. बक्षिसांसाठी सामने लावताच शिव्यागाळी सुरू झाली. झेंडे जाळले गेले. एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. ती घरंदाज, शांत मुले होती!

नंतर दोन्ही गटांस एकत्र जेवावयास बसविले. त्याने काही साधले नाही. उलट त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. मग शेरीफ यांनी अशी कामे निर्माण केली की जी एका गटास एकट्याने होऊ नयेत. छावणीचे पाणी बंद पडले, तेव्हा सर्वांनी मिळून बिघाड शोधला. जेवण आणणारी मोटार अडली, तेव्हा ज्या दोराने त्यांनी पूर्वी एकमेकांविरुद्ध रस्सीखेच केली होती, तोच दोर मोटारीस बांधून सर्वांनी एका बाजूने ओढला. असे दोनचार वेळा झाल्यावर वैर ओसरले. परतताना मुले एकाच गाडीने आली, आणि एका गटाने आपल्या बक्षिसाच्या पैशांतून सर्वांस दूध पाजले.

वाचकहो, पंचवटीचा दोर येथे आठवत नाही काय? १९३० साली समेटाच्या कागदावर जे होते तेच औषध होते. पण ते घेऊ दिले गेले नाही. का? कारण छावणीतील दोन्ही गट बरोबरीचे होते, आणि नाशकात दरवाजाची किल्ली, बाजार व शाळा एकाच बाजूच्या हाती होती. ऑलपोर्ट यांनीही हेच सांगितले. भेटीगाठींनी पूर्वग्रह तेव्हाच जातो, जेव्हा भेटणारे बरोबरीच्या नात्याने भेटतात, त्यांचे ध्येय एक असते, ते मिळून श्रम करतात, आणि अधिकारी व पुढारी त्या मिलनास उघड पाठिंबा देतात. मालक व चाकर रोज भेटतात; तेवढ्याने अंतर मिटत नाही. म्हणून न्यायास बाजूस सारून प्रीतीचा उपदेश करणे म्हणजे दोराचे एक टोक खुंटीस बांधून दुसऱ्यास ओढावयास सांगणे होय.

पुढे कायद्याने आपले काम केले. १९४७ साली मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९५० पासून भारताच्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायदा देवळाचे दार उघडू शकतो. चुलीचे व मनाचे दार उघडणे ज्याच्या त्याच्या हाती आहे.

६. आपल्या मंडळीत

आता दुसऱ्यांची झडती पुरे. ऑलपोर्ट व त्यांचे सहकारी रॉस यांनी १९६७ साली अमेरिकेतील मंडळ्यांतील सभासदांची तपासणी केली. ज्यांस धर्म हा मान व ओळखीपाळखी मिळविण्याचे साधन वाटे, त्यांच्यात पूर्वग्रह अधिक आढळला. जे धर्म जगण्याचा यत्न करीत, त्यांच्यात कमी. देवळात येणे हे औषध नव्हे, प्रभूस शरण जाणे हे औषध आहे.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्याकडे असलेल्या एका खेड्यातील मंडळीत पूर्वाश्रमीच्या दोन जातींतून आलेली कुटुंबे आहेत. प्रार्थना एकत्र, परंतु सोयरीक नाही, पाण्याचा घडाही वेगळा. आम्ही तीन रविवार ऐक्यावर उपदेश केला. सर्वांनी आमेन म्हटले, आणि सर्व जसेच्या तसे राहिले. मग वळवाच्या वाऱ्याने उपासनामंदिराचे पत्रे उडाले. तुळई चढविण्यास दोन्ही वस्त्यांचे पुरुष एका दोरास लागले. बायांनी मिळून माती कालविली. आम्हांस वाटले, काम झाले. परंतु संध्याकाळी चहा झाला तो दोन ठिकाणी. आम्ही ते पाहिले, आणि वडीलमंडळी नाराज होतील या भयाने एका ठिकाणी बसून मुकाट्याने चहा घेतला. अंत्युखियाचा पेत्र आम्हीच होतो.

त्या रात्री झोप आली नाही. सकाळी आम्ही परत जाऊन दोन्ही वस्त्यांची क्षमा मागितली, आणि पुढच्या महिन्यापासून प्रभुभोजनानंतरची न्याहरी एकाच चटईवर होईल असे सांगून स्वतः प्रथम बसलो. सर्वच आले असे नाही. दोन घरे अजून येत नाहीत. तथापि मुले येतात, आणि कोणाची न्याहरी कोणत्या घरची हे त्यांस आता ठाऊकही नसते.

उपदेशक बंधूंनो, ज्या योहानाने शोमरोन्यांवर अग्नी मागितला, तोच योहान पुढे पेत्राबरोबर शोमरोनास पाठविला गेला. त्याने त्या लोकांवर हात ठेविले, त्यांस पवित्र आत्म्याचे दान मिळाले, आणि परत जाताना त्याने शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांत सुवार्ता सांगितली. त्यांत थारा न देणारे ते गावही असेल काय? शास्त्र सांगत नाही. पण ते गाव जळाले असते तर सुवार्ता कोणास सांगितली असती?

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. शोमरोनी गावाने व दोघा शिष्यांनी कोणती एकच चूक केली?
२. पाच पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आपले घर उभे आहे? मुलांसमोर आपण कोणते शब्द वापरितो?
३. काळारामाच्या रथाचा समेट का मोडला? तो टिकावा म्हणून कोणी काय करावयास हवे होते?
४. पेत्र द्वेषाने मागे सरला की भयाने? आपण कोणाच्या भयाने गप्प बसतो?
५. या महिन्यात आपल्या गावी असे कोणते एक काम आहे, जे एका वस्तीने होणार नाही व सर्वांनी बरोबरीने करता येईल? विहिरीचा गाळ काढणे, शाळेचे कुंपण, आजाऱ्यास दवाखान्यात नेणे — एक काम ठरवावे, दिवस नेमावा, आणि काम संपल्यावर चहा एकाच ठिकाणी करावा.